बारा सह्या आणि कुलपातलं शील्ड

यासीन, तू गेल्यावरच्या चाळिसाव्याला जेवणं आटोपल्यावर इथल्या आपल्या कोकणी मंडळाचे सेक्रेटरी मला म्हणाले, "भाभी, आपल्या अंकासाठी यासीनवर तुम्हीच लिहा. तुम्ही त्याला वाढवलंत. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द." मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल माझ्याकडे चांगलेच शब्द होते रे. पण राहिलेल्या एका माणसाबद्दलचे शब्द सारखे पुढे घुसत होते, आणि ते मंडळाच्या अंकात छापतात की नाही मला माहीत नव्हतं. परवा तो माणूस माझ्या दारात येऊन गेला. आता लिहिते. छापायचं तर सगळं छापा म्हणून सांगितलंय, नाहीतर काहीच छापू नका.

त्याचं नाव मी घेणार नाही. हा अंक गावी जातो, आणि त्याचं गाव तेच आपलं गाव. त्याची म्हातारी आई अजून आहे, तिच्या हातचं मी खाल्लंय. नाव नाही घेतलं म्हणून कुणाला कळायचं राहील असंही नाही. इथे सौदीत, हफ्र अल बातिनमध्ये आपली कोकणची घरं आहेत किती, आणि त्यातला पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यातला सुपरवायझर एकच.

तू मला मिळालास तेव्हा सात वर्षांचा होतास. मी लग्न होऊन आले, दोन महिन्यांत सासूबाई गेल्या, आणि तू कोपऱ्यात बसून माझ्याकडे असा बघायचास, जसं मीच त्यांना कुठे ठेवून आलेय. मी चौथी शिकलेली. तुझी पाचवीची गणितं तुझ्याबरोबर बसून सोडवली, सहावीचीही सोडवली, सातवीला तू म्हणालास, "भाभी, आता तू फक्त चहा कर." तेव्हापासून तू बोलायचं आणि मी चहा करायचा. पुढे मी तुझ्या भाईजानांबरोबर इथे आले. तू आयटीआय करून नोकरी शोधत फिरत होतास, तेव्हा या गाववाल्यानेच कफीलकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे, तुझ्यासाठी शब्द टाकला. इकामा, इथे राहायचा परवाना, झाला, तू आलास. हे उपकार मी विसरले नाही. तो तर कधीच विसरला नाही, आणि आपल्यालाही विसरू दिलं नाही.

पाणी बाटलीत भरतात एवढं मला ठाऊक होतं. बाटलीच्या बुचांवरही निळा उजेड सोडून जंतू मारतात, हे तू कामाला लागल्यावर कळलं. स्टीलची लांब पेटी, तिच्यातून बुचं रांगेनं जातात आणि वरून दिवे. मी म्हटलं, "निळा उजेड ना, तो तर गार. त्याने काय होणार?" तू जेवता जेवता ताट बाजूला सारलंस. "भाभी, उन्हाचा जो भाग कातडी भाजतो त्याचाच हा भाऊ, पण त्याच्याहून कडक. आभाळ याला खाली येऊच देत नाही, इथे माणसाने तो पेटीत पेटवून ठेवलाय. चटका बसत नाही, हीच त्याची लबाडी. सकाळी भाजतो, संध्याकाळी कळतं. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं." मग चेहरा पूर्ण झाकणारं शील्ड लागतं. नुसता चष्मा चालत नाही, कारण स्टीलवरून उजेड उसळतो आणि खालून, बाजूने डोळ्यांत शिरतो. काळा चष्मा तर नाहीच नाही. शील्डच्या कडेला बारीक अक्षरं असतात, ती वाचून घ्यायची. हातमोजा बाहीच्या वरून ओढायचा, म्हणजे मनगट उघडं राहत नाही. मी म्हटलं, "बाबा, भात निवला." पण ऐकत होते.

तुझं ते मनगटाचं खूळ तर घरापर्यंत आलं. तू सगळ्यांची मनगटं तपासायचास, शाळेत बाई नखं तपासतात तशी. कारखान्यातली केरळची पोरं तुला लांबून हात वर करून दाखवायची, "यासीनभाई, मनगट ओके." मी भांडी घासायला बसले की तू मागून म्हणायचास, "मनगट." मी साबणाचा हात तुझ्या शर्टाला पुसायची.

तू मला मानेवरून येणारी टोपी शिवायला सांगितलीस, खांद्यापर्यंत झुलणारी, कारण शील्डच्या खाली गळा उघडा राहतो. मी इथल्या बायकांचे काळे झगे, अबाये, शिवते, मला काय अवघड. पण मी म्हटलं, या उन्हाळ्यात पोरगं उकडेल, म्हणून पांढऱ्या मलमलीची शिवली. तू घालून गेलास आणि दोन कार्डं घेऊन आलास. मूळची पिवळी, त्या उजेडात हिरवी होतात म्हणालास. एक तू मलमलीखाली ठेवलं होतंस, ते हिरवंगार. दुसरं माझ्या अबायाच्या उरलेल्या काळ्या तुकड्याखाली, ते पिवळं ते पिवळंच. "तुझी मलमल म्हणजे चाळण आहे, भाभी." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग काळ्या घट्ट विणीच्या कापडाच्या सहा टोप्या शिवल्या, बाह्यांना अंगठ्यात अडकवायचा पट्टा लावला. त्या सहा टोप्या त्या कारखान्यात खरोखर वापरल्या गेल्या. कारखान्याने आणलेल्या सहा शील्डांबद्दल मला हे म्हणता येत नाही.

ती सहा शील्डं कपाटात होती. कोरी, प्लास्टिकच्या पिशवीत. कपाटाला कुलूप आणि चावी त्याच्या खिशात. मागितली की म्हणायचा, "ओरखडे पडतात रे. ऑडिटला काय ओरखडे दाखवू?" रोजच्या कामाला तुम्हा सगळ्यांत मिळून एक जुनं शील्ड, ते तू तुझ्या लॉकरमध्ये सांभाळायचास. आणि त्या पेटीचं दार. दार उघडलं की दिवे आपोआप विझायला हवेत, त्यासाठी दारात एक बटण असतं. बुचं अडकली की दार उघडावं लागायचं, दिवे विझायचे, परत चालू व्हायला वेळ जायचा, लाईन थांबायची. म्हणून त्याने बटण दाबून त्यावर टेप लावून घेतला. दार उघडं असलं तरी दिवे चालूच. तू टेप काढायचास, दुसऱ्या दिवशी परत लागलेला असायचा. हे तू मला हसत हसत सांगायचास, आणि मीही हसत ऐकायचे.

आता ती जुम्म्याची दुपार. मी ती कुणाला सांगितली नव्हती, तुझ्या भाईजानांनीही कुणाला सांगितली नाही.

नमाजनंतर तो रजिस्टर बगलेत घेऊन आपल्या घरी आला. मी सांदणं केली होती. तो पाय पसरून बसला, दोन सांदणं खाल्ली आणि रजिस्टर तुझ्यापुढे सरकवलं. "गेल्या वर्षाच्या बारा ओळी आहेत, महिन्याला एक. करून टाक सह्या."

"वर काय लिहिलंय?" तू विचारलंस.

"शील्ड, हातमोजे मिळाले. वाचता येतं ना तुला?"

"शील्ड मिळालं नाही."

"कपाटात आहे ना? कपाट कारखान्यात आहे ना? कारखान्यात तू आहेस ना? मग मिळालं की."

भाईजान हसले. मीही हसले. तू हसला नाहीस, तू माझ्याकडे बघितलंस. सातव्या वर्षी बघायचास तसं. आणि मी म्हटलं, "कर रे सही. चहा निवतोय. आपल्याच माणसाशी कसला कोर्टकज्जा." पेन नव्हतं, तर मी माझं मापं लिहायचं हिरवं पेन आणून दिलं. तू बाराच्या बारा सह्या केल्यास, एकाखाली एक. तो तिसरं सांदण घेऊन उठला.

तो गेल्यावर तू म्हणालास, "भाभी, तू मला खोटं लिहायला लावलंस."

"त्याने आणलं तुला इथे."

"आणलं म्हणजे विकत घेतलं?"

मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस, जेव." ते भांडण तिथेच राहिलं, यासीन. तू जेवलास आणि मी समजले की मी जिंकले.

मग सौदीकरणाचा जोर वाढला, परक्यांच्या नोकऱ्या सौदींना द्यायच्या. आधी मोबाईलची दुकानं गेली, मग कपड्यांची, मग कारखान्यांत याद्या लागल्या. आपल्या माणसांत दुसरा विषय नव्हता. कुणाचा इकामा कधी संपतो, कोण खलास होऊन गावी गेला. तुला तुझंच काम शिकवायला एक सौदी बाई दिली, नूरा. पस्तिशीची, दोन मुलांची आई. आपली माणसं तुला टोमणे मारायची, "काय यासीन, आपलीच खुर्ची पुसून देतोस काय दुसऱ्याला?" तू म्हणायचास, "द्यायचीच आहे तर मनगटापासून शिकवून देईन." नूराने पहिल्याच दिवशी विचारलं, माझं शील्ड कुठे. सुपरवायझर म्हणाला, "बुकरा." उद्या. तिने रोज विचारलं आणि रोज उत्तर तेच, उद्या. तुला ती आवडली होती, मला कळलं होतं. आवडली म्हणजे शिष्य म्हणून रे. घरी येऊन म्हणालास, "भाभी, या बाईला नाही म्हटलं तरी कळत नाही. फार बरं वाटतं."

तू गेलास त्या दिवसाचं मला नंतर नूराने सांगितलं. मोठी माणसं कारखाना बघायला येणार होती, सौदी बायका काम कशा करतात ते बघायला. त्या दिवशी कपाट उघडलं. सहाच्या सहा शील्डं बाहेर आली आणि सहाही पाहुण्यांना दिली. पाहुणे आधी, हो ना. पाहुणे लांबून चालत गेले, पेटीजवळ कुणी वाकलंसुद्धा नाही. पुढे बुचं अडकली. दार उघडायचं, टेप लावलेला, दिवे चालू. तू म्हणालास, आधी दिवे बंद करू. तो म्हणाला, पाहुणे अजून हॉलमध्ये आहेत, लाईन थांबली तर माझी खुर्ची जाईल, हात चालव. नूरा शिकायला तुझ्या शेजारी उभी होती. जुनं शील्ड तू तिच्या डोक्यावर चढवलंस. तिने काढायला हात नेला तर तिला म्हणालास, "आधी मनगट." तुझ्या गळ्याला माझी टोपी होती, हातांत मोजे होते, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे किलकिले करून पंधरा-वीस मिनिटं एकेक बूच काढत होतास. सकाळचे अकरा वाजले होते.

त्या दिवशी धुळीचा वारा होता. संध्याकाळी, मगरिबच्या नमाजच्या जरा आधी, तू पेट्रोलपंपावरून मला फोन केलास. "भाभी, डोळ्यांत फार खुपतंय. जरा थांबलोय." मी खिडकी बंद करत होते, बाहेर सगळं पिवळं झालं होतं. मी म्हटलं, "सगळ्यांच्याच डोळ्यांत जातेय आज. पाणी मार आणि ये लवकर, कालवण गरम आहे." तू म्हणालास, "बरं."

इतकी वर्षं जेवताना तू मला शिकवलंस. सकाळी भाजतो, संध्याकाळी कळतं. आणि वेळ आली तेव्हा मला धूळच दिसली. तिथेच थांब, हलू नकोस, भाईजानना पाठवते, एवढं म्हणायचं होतं. भाईजान समोरच बसले होते, गाडीची चावी खिळ्याला होती. पंपापासून सहा-सात किलोमीटरवर तुझी गाडी रस्ता सोडून गेली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरून बिर्याणीचं पातेलं आलं. मौतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणून देतात, रीतच आहे. तोवर मला काहीच माहीत नव्हतं, पण त्या पातेल्याबरोबर त्याची बायको बोलून गेली, "काय करणार भाभी, शील्ड घालायला पाहिजे होतं त्याने. आमचे हे सारखे सांगायचे." मी झाकणसुद्धा उघडलं नाही. ज्या पोराच्या हातून आलं त्याच्याच हातात पातेलं परत दिलं. आपल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या, मौतीच्या घरातून अन्न परत करतात का म्हणाल्या. आजवर मी कुणाच्या घरचं परत केलेलं नाही. त्या दिवशी केलं आणि मला बरं वाटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा.

पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं की यासीनला सगळी साधनं दिली होती, त्याने स्वतःच्या बेफिकिरीने वापरली नाहीत, अपघात रस्त्यावर झाला, कारखान्याचा संबंध नाही, कुटुंबाला हे मान्य आहे. खाली भाईजानांच्या सहीची जागा. भाईजानांचं तुला माहीत आहे. ते म्हणाले, "यासीन तर परत येत नाही. करून टाकू." पेन हातात घेतलं होतं त्यांनी.

मी विचारलं, "साधनं दिली याला पुरावा काय?" त्याने मोठ्या ऐटीत तेच रजिस्टर काढलं. पान उघडलं. बारा सह्या, हिरव्या. माझ्या पेनाच्या. मी बोट फिरवत गेले. एक ओळ रमजानची. त्या रमजानात तू गावी होतास रे, तुझ्या लेकीच्या, सनाच्या जबड्याखाली गाठ आली होती म्हणून पूर्ण महिना. पासपोर्टवर शिक्के आहेत. गावी बसून तू हफ्र अल बातिनमध्ये शील्ड घेतलंस.

मी म्हटलं, "थांबा, चष्मा आणते." चष्म्याऐवजी मोबाईल आणला आणि त्याच्यासमोरच पानाचा फोटो काढला.

"फोटो कशाला, भाभी?"

"आठवण म्हणून. यासीनची सही किती सुंदर आहे बघा."

त्याने रजिस्टर मिटलं. मी भाईजानांच्या हातातलं पेन काढून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या हातातून मी कधी काही काढून घेतलं नव्हतं. तो जाताना दारात म्हणाला, "विचार करा. आपल्याच माणसाला परक्यांसमोर उभं करू नका." मी म्हटलं, "विचारच करतेय. रोज करतेय." आणि खरंच करत होते. काय काय विचार करत होते ते अंकात लिहिता येणार नाही. तांदूळ निवडताना करायचे, मशीन चालवताना करायचे. त्याच्या डोळ्यांत तीच वाळू भरावी, मूठभर नाही, पाटीभर, आणि त्याने फोन करावा आणि पलीकडून कुणीतरी म्हणावं, ये लवकर, कालवण गरम आहे.

मग बातमी आली की त्याने गावी फोन करून मशिदीच्या आवारात जमलेल्यांना सांगितलंय, यासीन आपल्या हाताने गेला, कितीदा सांगितलं तरी ऐकायचा नाही. गावात ते पसरलं. सनाचा मला फोन आला. दहावीची पोरगी तुझी, आवाज अगदी तुझा. "बडी अम्मी, वर्गातल्या मुली म्हणतात अब्बांनी ऐकलं नाही म्हणून गेले. खरंच अब्बांनी ते घातलं नव्हतं?" तुझ्या बायकोने मागून फोन घेतला आणि माझा आवाज ऐकून परत सनाच्या हातात दिला. मी सनाला म्हटलं, "तुझे अब्बा मला भांडी घासतानासुद्धा मनगट झाकायला लावायचे." ती म्हणाली, "पण घातलं नव्हतं ना?" घातलं नव्हतं. काय सांगू तिला. तेव्हा मी ठरवलं की हा कागद, हे रजिस्टर, सरकारी ऑफिसात तक्रार, हे सगळं नंतर. मला त्याच्या तोंडून हवंय, आणि सनाला ऐकू गेलं पाहिजे.

नूरा आली ती त्याच आठवड्यात. मी दार उघडलं तर काळ्या अबायात एक उंच बाई, हातात मी शिवलेल्या सहांपैकी एक टोपी. धुऊन, घडी घालून आणली होती. माझ्या बाजारच्या अरबीत आणि तिच्या थोड्याशा हिंदीत आम्ही बोललो. तिच्या मोबाईलमध्ये टेपचा फोटो होता, कपाटाच्या कुलपाचाही, त्या आधीच्या आठवड्यातला. का काढले होतेस, मी विचारलं. म्हणाली, "यासीनने सांगितलं होतं, जे चूक दिसेल त्याचा फोटो काढून ठेव, उद्या तू एकटी असशील." ती कामगार कार्यालयात जबानी देणार होती. तिच्या चेहऱ्यावरचं शील्ड तुझं होतं, हे तिला झोपू देत नव्हतं. पण सह्या तुझ्या होत्या, आणि त्या कशा झाल्या हे बघितलेलं कुणी हवं होतं.

भाईजान म्हणाले, "गेलीस तर हेही सांगावं लागेल की सही कर म्हणून तूच म्हणालीस."

"सांगेन."

"लोक काय म्हणतील?"

"जे खरं आहे ते म्हणतील."

कामगार कार्यालयातल्या ऑफिसरने सगळं ऐकून घेतलं. फोटो बघितला, पासपोर्टची पानं बघितली. मग मला विचारलं, तू त्याला सही कर म्हणून का सांगितलंस? नूराने मला शब्द सुचवला, घाबरून, असं सांग म्हणाली. मी घाबरले नव्हते ना. मी जे होतं ते सांगितलं. "चहा निवत होता." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते लिहून घेतलं.

बेफिकिरी हा शब्द त्या कागदावरून गेला. टेप निघाला, कपाटाचं कुलूप निघालं, ती सहा शील्डं आता खुंट्यांवर टांगलेली असतात, आणि नूराने मुद्दाम त्यांना ओरखडे पडू दिलेत. त्याची खुर्ची गेली. मला आनंद झाला का? झाला. मी लपवणार नाही. त्या संध्याकाळी मी तीन महिन्यांत पहिल्यांदा कालवण केलं, आणि एकटीने दोन वेळा वाढून घेतलं.

आणि परवा दुपारी, जुहरच्या नमाजनंतर, तो दारात. फायनल एक्झिट लागला, परतीचं तिकीट हातात. कायमचं जाताना आपली माणसं घरोघर फिरतात, बोललं-चाललं माफ करा म्हणतात, समोरचा माफ केलं म्हणतो, मिठी, डोळ्यांत पाणी. त्याने सगळी घरं केली होती. आपलं शेवटचं ठेवलं होतं.

मी आत घेतलं. सह्या घ्यायला आला तेव्हा बसला होता त्याच खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं, चहा नाही. भाईजान आतल्या खोलीत गेले ते बाहेर आले नाहीत.

"भाभी, जे झालं ते अल्लाच्या मर्जीने झालं. मन मोठं करा. माफ करा."

मी फोन लावला आणि टेबलावर ठेवला, स्पीकर सुरू करून. पलीकडे सना. "बडी अम्मी?"

"सना, इथे एक माणूस बसलाय. मशिदीत जे सांगितलं ते चुकीचं होतं, असं त्याला तुला सांगायचंय." मग त्याच्याकडे वळले. "सांगा."

त्याने दाराकडे बघितलं. मी दाराला आतून कडी घातली होती, हेही लिहून टाकते. सना पलीकडे थांबली होती, तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सना बेटा," तो म्हणाला, "तुझ्या अब्बांकडे शील्ड नव्हतं."

"का नव्हतं?" सनाने विचारलं.

"कपाटात होतं."

"मग काढलं का नाही त्यांनी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही. "चावी माझ्याकडे होती," तो म्हणाला. "मी दिली नाही. एकच शील्ड होतं, ते त्याने दुसऱ्याला घातलं. दिवे बंद करू म्हणत होता तो. मीच नको म्हटलं."

मला वाटलं पोरगी रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही गावी येताय ना आता?"

"हो बेटा."

"मग हे आमच्या वर्गात येऊन सांगाल? आणि मशिदीत. जिथे आधी सांगितलं होतं तिथेच."

यासीन, तुझी पोरगी. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिकीट खिशात घालत तो म्हणाला, "सांगेन."

फोन ठेवला. तो उठला, हात जोडले. "आता तरी माफ करा, भाभी."

मी म्हटलं, "माझं काही गेलं असतं तर केलं असतं. तुम्ही चुकीच्या घरी मागताय. ज्याच्याकडे मागायची तो इथल्याच कबरस्तानात आहे, शहराबाहेर, तिसऱ्या रांगेत, डोक्याशी एक दगड आहे. मी बाई, मला तिथे जाता येत नाही, तुम्हाला येतं. विमान उद्याचं आहे ना? वेळ आहे." आणि कडी काढली.

तो गेला की नाही, मला कळायला मार्ग नाही. गेला असेल तर तू काय केलं असशील ते मला ठाऊक आहे. तू सरकून त्याला बसायला जागा केली असशील. जाऊ दे भाई, झालं ते झालं, म्हणाला असशील. तुझा स्वभावच मेला तसा. म्हणून हे लिहून ठेवते, भाईजान जुम्म्याला येतील तेव्हा तुझ्याजवळ वाचून दाखवतील. मी सांगितलं म्हणून तू सही केलीस, ते ऐकायला नको होतंस. हे ऐक. त्याला माफी देऊ नकोस, अजून नाही. काल त्याचं विमान गेलं, आधी त्याला गावी पोचू दे. मशिदीच्या आवारात उभं राहू दे. सनाच्या वर्गात, फळ्यासमोर, पोरींकडे तोंड करून त्याला ते सगळं बोलू दे, चावीसकट. मग सना मला फोन करेल, मी भाईजानना सांगेन, भाईजान तुला सांगतील. त्यानंतर तू तुझ्या मनाला येईल ते कर. माझं तेव्हाही काही ठरलेलं नसेल.